चोवीस व्होल्टचा उजेड

बाबा, आमच्या घरात नवे दिवे लागलेत, ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुम्ही गेल्याला आता पंधराएक वर्षं होत आली. तेवढ्यात या घरातला फ्रिज बदलला, तुमच्या जावयाचे गुडघे बदलले, मी शाळेतून निवृत्त व्हायला आले, आणि यातलं काहीच मी तुम्हाला कळवलं नाही. दिव्यांचं मात्र कळवावंसं वाटतंय. साधे बल्ब-ट्यूब नाहीत ते. एक बारीक, लवचीक पट्टी असते, तिच्यावर मोहरीएवढे दिवे ओळीनं चिकटवलेले. घरातली नेहमीची वीज त्यांना झेपत नाही, म्हणून मध्ये एक डबा बसवून ती चोवीस व्होल्टवर उतरवावी लागते. त्या डब्याला ड्रायव्हर म्हणतात. पट्टीला चुकून हात लागला तरी झटका बसत नाही. तुम्ही असतात तर भुवया वर करून विचारलं असतंत, "झटका बसत नाही म्हणतेस, मंग उजेड कसा पडते?" नोकरीची सगळी वर्षं पुण्यात काढूनही तुमची वऱ्हाडी बोली काही गेली नाही, आणि मला शाळेत मैत्रिणींसमोर तिची लाज वाटायची हे तुम्हाला माहीत होतं असं मला आता वाटतं. तुम्ही माझ्या शाळेत आलात की फार कमी बोलायचात.

खडकीच्या आपल्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आणि मागे लांबट गॅलरी होती, गॅलरीच्या टोकाला न्हाणी. तुम्ही कारखान्यातून दिवसपाळी संपवून उन्हं असतानाच घरी यायचात आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उंबरा ओलांडायचा नाहीत. शेजारच्यांची लग्नं, गणपतीतली नाटकं, आमच्या शाळेची गॅदरिंग, सगळं आई एकटीनं पार पाडायची. रात्रपाळी करावी लागेल म्हणून तुम्ही बढतीसुद्धा सोडलीत. कारखान्यातले लोक तुम्हाला कोंबडा म्हणायचे, अंधार पडायच्या आत खुराड्यात जाणारा. तुम्ही हसायचात. आई हसायची नाही. रातांधळेपणा आहे, अंगात जीवनसत्त्व कमी आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती तुम्हाला रोज गाजर द्यायची. हिवाळ्यात ताजं, इतर वेळी मिळेल तसं, आणि गाजर नसेल तेव्हा शेवग्याच्या पाल्याची भाजी. तुम्ही औषधासारखं ते निमूटपणे खायचात. वीज गेली की मात्र तुमची मजा असायची. सगळे चाचपडत मेणबत्ती शोधत असताना तुम्ही भिंतीला बोटं लावून सरळ चालत जायचात आणि फडताळातून ती काढून आणायचात. "आता समदे माह्यासारखेच," म्हणायचात. तुमच्या बोटांची एक मळकट रेघ स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत चुन्याच्या भिंतीवर उमटलेली होती. दर दिवाळीला ती पुसली जायची आणि संक्रांतीपर्यंत पुन्हा दिसायला लागायची.

तुम्ही मला एकदाच मारलंत. मी पाचवीत असेन. थंडीचे दिवस, पहाटेचा अंधार, आणि मी आदल्या संध्याकाळी दप्तर गॅलरीत टाकून ठेवलेलं. तुम्ही अंघोळीच्या कढत पाण्याची बादली घेऊन निघालात आणि त्यावर अडखळून पडलात. पायावर पाणी सांडलं. मी धावत आले तर तुम्ही बसल्या बसल्याच माझ्या पाठीत धपाटा घातलात. "किती खेपा सांगतलं, वाटंत काही ठेवत नको जाऊ! तुले समजत नाही काय?" मला मारापेक्षा तुमच्या आवाजाची भीती वाटली, कारण त्यात राग कमी आणि घाबरणं जास्त होतं. पुढच्या रविवारी भर दुपारी तुम्ही बसनं मंडईत जाऊन माझ्यासाठी पेरू आणलेत, आणि पायाला पट्टी असूनही अंगणात माझ्याबरोबर बसून खाल्लेत. त्या दिवसापासून मी वाटेत काही ठेवलं नाही. पण तुम्हाला नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मी कधी विचारलं नाही. आपल्याकडे कुणीच विचारलं नाही. तुमचं न दिसणं घरातल्या एखाद्या जुन्या कपाटासारखं होतं, सगळे त्याच्या कडेनं वावरायचे.

मग माझा मुलगा चौथीत असताना त्याला संध्याकाळी चेंडू सापडेना. इतर मुलं पुढे धावायची आणि हा जागेवर उभा राहायचा. आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. त्याच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी घरात आणखी कुणाला असं आहे का विचारलं आणि पुढच्या खेपेला तुम्हाला घेऊन यायला सांगितलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. त्यांनी तुमच्या डोळ्यांत औषध घालून बराच वेळ पाहिलं आणि मग शांतपणे समजावलं. पडद्याचा आजार आहे, जन्मापासूनचा, हळूहळू वाढणारा. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसेनासं होतं. आजोबांकडून आईकडे येतो, आईला स्वतःला फारसा त्रास होत नाही, आणि तिच्याकडून मुलाकडे जाऊ शकतो. जीवनसत्त्वाचा काही संबंध नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे इतकी वर्सं गाजरं फुकटच खाल्ली." डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले. तुम्ही हसला नव्हतात, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

त्यानंतर आठवडाभरानं तुम्ही सकाळीच आमच्याकडे आलात. मुलगा शाळेत होता, हे ऑफिसला. मी पोळ्या करत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात, बस म्हटलं तरी बसला नाहीत, आणि एकदम हात जोडलेत. वडिलांनी मुलीसमोर हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. "माह्यापायी झालं पोरी. मले माफ कर." तव्यावरची पोळी फुगत होती. मी ती उलटली. दुसरी लाटायला घेतली. तुमच्याकडे पाहिलं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, तुमचा काय दोष, असं काहीही, साधं. दुसरी पोळी तव्यावर पडेपर्यंत तुम्ही उभे राहिलात, मग "उन्हं चढायच्या आत जातो" म्हणून चपला घालून निघालात. उन्हाचा तुम्हाला कधीच त्रास नव्हता. पुढे पावसाळ्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. त्यामुळे तुमच्या त्या वाक्याला माझं उत्तर गेलंच नाही. मला तुमचा राग आला होता असं तुम्हाला वाटलं असेल. आला होताच. पण कशाचा, ते मलाच कळत नव्हतं.

तुमचा नातू आता मोठा झालाय. खराडीत एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. समोरचं त्याला अजून चांगलं दिसतं, स्क्रीन वाचतो, चेहरे ओळखतो, पण कडेचं गेलंय. नळीतून पाहिल्यासारखं दिसतं म्हणे. अंधार पडल्यावर तुमच्यासारखाच, काही नाही. तोही लपवतो, म्हणजे लपवायचा. ऑफिसातून उजेडात निघता यावं म्हणून भल्या सकाळी जायचा, पार्टीला बोलावलं की पोट बिघडायचं. या वर्षी होळीच्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं आणि तो त्यावर आपटला. भुवईवर टाके पडले. दार मीच उघडं ठेवलं होतं. रक्त पुसताना मी त्याला म्हणत राहिले, सॉरी रे, माझ्यामुळे, सगळं माझ्यामुळे. तो म्हणाला, "आई, फक्त दार होतं ते." पण मी दाराबद्दल बोलत नव्हते, आणि ते त्यालाही माहीत होतं.

घराला रंग द्यायचा होताच. मी ठरवलं, भिंती फोडायच्या तर आत्ताच, आणि सगळ्या घरात दिवे लावून टाकायचे. एकही कोपरा काळा ठेवायचा नाही. शाळा सुटली की मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायची. भूगोल शिकवणारी बाई मी, पण वॅट आणि अँपिअर पाठ झाले. पट्टी लांब असली आणि वीज एकाच टोकानं दिली की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती कमी पडते, तिथले दिवे मंद लागतात, म्हणून दोन्ही टोकांनी वायर द्यायची. बारा व्होल्टपेक्षा चोवीसवर हा त्रास कमी. ड्रायव्हर कधी पूर्ण भारावर चालवायचा नाही, थोडा मोठाच घ्यायचा, आणि हवा लागेल, हात पोचेल अशा जागी ठेवायचा. या बारीक वायरी मोठ्या विजेच्या पाइपात घालायच्या नाहीत, त्यांचा पाइप वेगळा. मी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढला, मोठ्या विजेला लाल आणि लहान विजेला निळा स्केचपेन. हे वरून बघत म्हणाले, "घर आहे का लोहगावचा रनवे?" मंडईजवळ गाडी लावून आम्ही विजेच्या सामानाच्या दुकानांसाठी तपकीर गल्लीत गेलो आणि सगळ्यात जास्त उजेडाची पट्टी मागितली. दुकानदारानं विचारलं, "शोरूम आहे का?" मी म्हटलं, "घर आहे." आणि मला बरं वाटलं, बाबा. पहिल्यांदाच त्याच्यासाठी काहीतरी करतेय असं वाटलं. मी त्याला जे दिलं होतं, ते थोडंसं परत घेतेय, असं.

मुलाला ऑफिसच्या कामासाठी काही दिवस बंगळूरला जायचं होतं. तेवढ्यात सगळं उरकून टाकायचं ठरवलं, त्याला आल्यावर चकित करायचं. वायरमननं भिंतींना खाचा पाडल्या, पाइप पुरले. पॅसेजच्या पट्टीला त्यानं एकाच टोकानं वीज दिली होती, मी दुसऱ्या टोकाची वायर ओढायला लावली. तो कुरकुरला, पण ओढली. फरशी धुळीनं भरली, आम्ही दोघं आठवडाभर खोकत होतो. पॅसेजमध्ये एक नवं बाकही केलं, चपला ठेवायला आणि बसून बूट घालायला, त्याच्याखाली दिवे. फार छान दिसत होतं.

तो संध्याकाळी आला. मी बेल वाजल्यावर आधी सगळी बटणं दाबली आणि मग दार उघडलं. तो उंबऱ्यावरच थांबला. हात डोळ्यांवर गेला. मला वाटलं, आश्चर्यानं. "ये ना," मी म्हटलं. तो आत आला, दोन पावलं चालला, आणि सरळ त्या बाकावर धडकला. बॅग एकीकडे, तो एकीकडे. नडगीवर हात दाबून तो खाली बसला. पॉलिश केलेल्या फरशीत त्या सगळ्या पट्ट्या उलट्या चमकत होत्या, आणि त्या चमकेत त्याला बाक, फरशी, भिंत, काहीच वेगळं दिसत नव्हतं. "बंद कर," तो म्हणाला. "आई, बंद कर ते." मी धावत गेले, बटणं सापडेनात. हे उठले आणि त्यांनी मेन स्विचच पाडला.

खिडकीतून येणाऱ्या संधिप्रकाशात आम्ही तिघं उभे. मी पुन्हा सुरू झाले. "सॉरी रे. मला वाटलं तुला दिसेल. तुझ्यासाठीच केलं. माझ्यामुळे तुला हे..."

"बास." तो कधी आवाज चढवत नाही. आताही चढवला नव्हता. "तू सतत सॉरी म्हणतेस ना, तेव्हा मला काय ऐकू येतं माहितीये? की मी झालो नसतो तर बरं झालं असतं."

"असं नाही रे माझ्या मनात."

"नसेल. पण मला तेच ऐकू येतं. लहानपणापासून." तो भिंतीला बोटं लावून त्याच्या खोलीत गेला. दार आपटलं नाही, हळूच लावलं.

मी तिथंच बाकावर बसले, आणि बाबा, मला पोळीच्या वाफेचा वास आला. तुम्ही दारात हात जोडून उभे. मला तेव्हा राग कशाचा आला होता, ते या मुलानं एका वाक्यात सांगून टाकलं. माझ्या मुलाबद्दल तुम्ही माफी मागत होतात. म्हणजे तो असा व्हायला नको होता. मग ज्या माझ्यातून तो आला, ती मी? मीही व्हायला नको होते का? तुमच्या मनात तसं नव्हतं. माझ्याही मनात नाही. पण माफी मागणारा आपल्या मनातलं हलकं करतो, आणि ऐकणाऱ्याला ते कुठं ठेवायचं कळत नाही. तुमचं ओझं मी त्या दिवशी घेतलं नाही, पण स्वतःचं मात्र वर्षानुवर्षं या पोरावर ठेवत आले. तो भेंडीची भाजी खात असताना, तो सायकल शिकू शकला नाही तेव्हा, तो पहिल्या पगाराचा पेढा माझ्या तोंडात घालत होता तेव्हासुद्धा. हे थोड्या वेळानं मेन स्विच लावून आले, फक्त स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब लावली आणि म्हणाले, "वाढतेस का जेवायला? का तेही त्याला न विचारताच?" मला रडू आलं आणि हसूही आलं.

दोनतीन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग रविवारी सकाळी चहा घेऊन तो डायनिंग टेबलाशी बसला आणि म्हणाला, "दाखव तुझा नकाशा." मी कागद पसरला. तो डोकं फिरवत, तुकड्या-तुकड्यानं बघत गेला. "वायरिंग मस्त केलंयस," म्हणाला. "दोन्हीकडून दिलीयेस. हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, शिकले. आणि मग, त्याच्या जन्मापासून पहिल्यांदा, मी विचारलं, "तुला नेमकं कसं दिसतं रे?"

तो बराच वेळ बोलला. मी मध्ये एकदाही काही म्हटलं नाही, फार कठीण गेलं ते. जास्त उजेड त्याला अंधाराइतकाच वाईट. दिवा डोळ्याला दिसता कामा नये, फक्त त्याचा उजेड दिसावा. एका खोलीत लखलखाट आणि दुसरीत काळोख असला की डोळे बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस धडकतो. त्याला सगळीकडे सारखा, मऊ, खालून येणारा उजेड हवा. आणि कडा हव्यात. फरशी कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते, दाराची कड कुठं आहे, ओटा कुठं वळतो. "मला वस्तू नाही दिसल्या तरी चालतं आई, कडा दिसल्या की मी बाकीचं जुळवतो." तुम्हीही असंच जुळवत होतात का बाबा? मला ठाऊक नाही. तुम्ही होतात तेव्हा मी विचारलं नाही, आणि आता माझ्याकडे फक्त अंदाज आहे.

मग आम्ही दोघांनी नकाशा पुन्हा काढला. पाइप आणि वायरी तशाच ठेवल्या, बदलल्या फक्त पट्ट्या. निम्म्या काढून टाकल्या. उरलेल्या कमी उजेडाच्या आणि पिवळसर घेतल्या, दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवल्या, आणि सगळ्या भिंतीकडे तोंड करून, म्हणजे दिवा दिसणार नाही, भिंत उजळेल. उजेड कमी-जास्त करायचं बटण त्याच्या हाताच्या उंचीवर. भिंतीच्या तळाशी असलेल्या स्कर्टिंगला गडद रंग दिला. फरशीवर चटई टाकली, कडा शिवून घट्ट बसवलेली. बाक काढून मी खालच्या वॉचमनला दिलं. वायरमन दुसऱ्यांदा आला तेव्हा तोंड वाकडं करून म्हणाला, "आधीच एकदा धाकट्या साहेबांना विचारायचं ना मॅडम." मी म्हटलं, "हो, चुकलंच."

आता तो संध्याकाळी येतो तेव्हा पॅसेजमधून नीट चालत येतो. दिवे लावले म्हणून डोळे बरे झालेले नाहीत. डॉक्टर सांगतात, कडेचं आणखी जाईल. पण गेल्या महिन्यात त्यानं ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं, आणि आता अंधार पडल्यावर एक सहकारी त्याला कंपनीच्या गाडीपर्यंत सोडतो. पांढरी काठी वापरायला शिकणार म्हणतोय. परवा पार्टीलाही जाऊन आला. पोट बिघडलं नाही. आल्यावर म्हणाला, "आजोबा काय करायचे गं अंधार पडल्यावर?" मी त्याला कोंबड्याची गोष्ट सांगितली आणि गाजरांची. तो खूप हसला. मग म्हणाला, "एकटेच होते की ते."

हे सगळं लिहीत असताना तो आत्ताच येऊन विचारून गेला, काय लिहितेस. दिव्यांचा खर्च लिहितेय, असं सांगितलं. त्याला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पोचायचा प्रश्नच नाही. तुमचा काही दोष नव्हता बाबा. मी त्या दिवशी हेच म्हणायला हवं होतं. त्याच्यासमोर सॉरी म्हणायचं मी सोडलंय. पण तुम्हाला खरं सांगते, मनात तसं वाटणं अजून थांबलेलं नाही. तो घरी यायच्या वेळेला मी ओट्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे माझा चेहरा त्याला दिसत नाही.